घराचा विमा : किंमत कशाची आणि किती?

इंदुरात राहणाऱ्या प्रत्येकाने राजवाडा पाहिलेला असतो. बाहेरगावाहून पाहुणा आला की आपण त्याला सराफ्यात नेतो आणि जाता जाता राजवाड्यासमोर उभे करतो. परंतु हा वाडा एकदा नव्हे, तीन वेळा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला, ही गोष्ट त्याच्यासमोर उभे राहून फारसे कोणी सांगत नाही. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली इंदूर लुटले, तेव्हा तो जळाला. १८३४ साली त्यास पुन्हा आग लागली. आणि १९८४ साली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, त्याचा मागील भाग जळून गेला. दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. या वाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी होते. दगड उरला, लाकूड गेले. आणि मागची बाजू जुन्या धर्तीवर पुन्हा उभी करावयास वीसाहून अधिक वर्षे लोटली.

राजवाड्याची ही कथा आज सांगण्याचे कारण असे की, आपल्या तुकोगंजात राजवाड्याची लहान भावंडे पुष्कळ आहेत. तुकोजीराव होळकरांचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत सर सेठ हुकुमचंदांच्या इंद्रभवनासारखे प्रासाद उभे राहिले, तसेच वकिलांचे, डॉक्टरांचे, दरबारच्या जुन्या अधिकाऱ्यांचे बंगलेही उभे राहिले. त्यांपैकी काही पडले आणि त्या जागी उंच इमारती आल्या. परंतु दक्षिण तुकोगंजातील नाथमंदिराच्या परिसरात सकाळी फेरफटका मारणाऱ्यास अजूनही एखादा सागवानी सज्जा, एखादी रंगीत तावदानांची खिडकी, एखादे घडीव दगडाचे जोते दृष्टीस पडते. अलीकडे पुष्कळांनी नवी घरेही अशीच हौसेने, आर्किटेक्टकडून खास नकाशा काढून घेऊन बांधली आहेत. जुने असो वा नवे, ही घरे एका साच्यातून निघालेली नाहीत. प्रत्येक घरामागे कोणाची तरी आवड, कोणाची तरी आयुष्याची पुंजी आणि कोणा तरी कारागिराचा हात आहे.

अशा घरांचा विमा कसा उतरवावा, हा आजच्या विवेचनाचा विषय. विमा उतरवलेला नाही असे घर धोक्यात आहे, हे सांगण्याची गरज नाही. परंतु विमा उतरवलेला आहे आणि तरीही जे घर धोक्यात आहे, अशांची संख्या आपल्याला वाटते त्याहून मोठी असावी. कारण विमापत्रावर लिहिलेला आकडा आणि घर पुन्हा उभे करण्यास लागणारा आकडा, या दोहोंची गाठ कित्येकदा पडलेलीच नसते.

विम्याचे मूळ तत्त्व

१६६६ साली लंडन शहरात मोठी आग लागली आणि हजारो घरे भस्मसात झाली. त्यानंतर निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने घरांचा आगीपासून विमा उतरवण्याचा व्यवसाय तेथे सुरू केला. तत्त्व अगदी साधे होते. आग सगळ्यांच्या घरांना लागत नाही, पण कोणाच्या घराला लागेल हे कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा सर्वांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याचे नुकसान त्यातून भरून द्यावे. आपल्याकडे हा व्यवसाय इंग्रजी अमदानीत आला. १९३८ साली विम्याचा कायदा झाला, १९७३च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि २००० सालापासून खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. या साऱ्या स्थित्यंतरांत मूळ तत्त्व मात्र तेच राहिले : विमा हा नुकसान भरून काढण्यासाठी असतो, नफा करून देण्यासाठी नव्हे. जेवढे गेले तेवढेच मिळावयाचे. आणि तेही विमापत्रात जेवढे लिहिले असेल त्या मर्यादेतच.

या दोन वाक्यांत सारे रहस्य सामावलेले आहे. 'जेवढे गेले' ते सिद्ध करावे लागते, आणि 'जेवढे लिहिले' ते आधीच विचारपूर्वक लिहावे लागते. आग लागल्यानंतर यांपैकी एकही गोष्ट सुधारता येत नाही.

जमीन जळत नाही

पहिली गफलत होते ती किमतीच्या बाबतीत. घराची किंमत काय, असे विचारले असता तुकोगंजातील मालक बाजारभाव सांगतो. या वस्तीत जमिनीला मोल असल्यामुळे तो आकडा मोठा असतो. परंतु जमीन जळत नाही, वाहून जात नाही, चोरीसही जात नाही. त्या आकड्यावर विमा उतरवणे म्हणजे ज्या वस्तूला धोका नाही तिच्यासाठी हप्ते भरणे होय. उलट, कोणी घर बांधताना आजोबांना किती खर्च आला ते जुन्या वहीत पाहतो आणि त्यात थोडी भर घालून आकडा देतो. तिसरा बँकेच्या कर्जावर विसंबतो. कर्ज घेताना बँकेने विमा उतरवावयास लावलेला असतो. तो पुष्कळदा कर्जाच्या रकमेपुरताच असतो, आणि पुष्कळदा केवळ इमारतीचा असतो. त्याने बँकेची काळजी दूर होते, आपली होतेच असे नाही.

विम्यासाठी योग्य आकडा एकच. हेच घर, याच जागी, याच प्रकारच्या सामग्रीने, आजच्या मजुरीने पुन्हा बांधावयाचे झाल्यास किती खर्च येईल, तो आकडा. यास पुनर्बांधणीचे मूल्य म्हणावे.

एक घर कल्पू या. दक्षिण तुकोगंजातील दुमजली बंगला, चटई क्षेत्र ३,००० चौरस फूट. सागवानी तुळया, कडीपाट, घडीव कठड्यांचा जिना, चुन्यात बांधलेल्या भिंती, दिवाणखान्यात जुन्या पद्धतीची फरशी. वृद्ध आई येथे राहते. एक मुलगा इंदुरात, दुसरा पुण्यास. विमा उतरवताना कोणीतरी सहज म्हटले, बांधकामाचा दर चौरस फुटास २,००० रुपये धरू. झाले ६० लाख. परंतु या घराचे लाकूडकाम आणि चुन्याचे काम जाणणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत आणि तसे सागवान सहजी मिळत नाही. जाणत्या आर्किटेक्टने हिशेब केला तर दर समजा ४,५०० रुपये निघाला. मग तीच रक्कम १ कोटी ३५ लाख होते. हे दर केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. परंतु ज्या दिवशी हे घर जळेल त्या दिवशी या दोन आकड्यांतील ७५ लाखांचा फरक विमा कंपनीच्या नव्हे, त्या वृद्ध आईच्या अंगावर पडेल.

या फरकाला आणखी एक फाटा फुटतो. घर म्हणजे केवळ छपराखालचा भाग नव्हे. कुंपणाची भिंत, फाटक, गाडीखाना, बाहेरची खोली, पाण्याची टाकी, आता नव्याने बसवलेली सौर तावदाने, ही सारी घराचीच अंगे आहेत. चटई क्षेत्राच्या गुणाकारात ती येत नाहीत. त्यांचा खर्च निराळा मांडून जोडावा लागतो. दगडी कुंपण पुरात ढासळले म्हणजे ही गोष्ट कळते, पण तेव्हा ती कळून उपयोग नसतो.

'भारत गृह रक्षा' काय देते

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाचे एकाच धर्तीचे विमापत्र सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना विक्रीस ठेवावयास लावले. सामान्य मालकाच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. कंपनी कोणतीही असो, मुख्य कलमे तीच. आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, दंगल, संप, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी फुटणे, अशा संकटांचा त्यात समावेश आहे. म्हणजे १९८४च्या राजवाड्याची आग या पत्रात बसली असती. १८०१ची मात्र बसली नसती, कारण युद्धाची हानी विमा कंपन्या पत्करीत नाहीत.

या पत्रातील सर्वांत मोलाची सवलत समजण्यासाठी जुन्या पद्धतीतील 'सरासरीचे कलम' आधी समजून घेतले पाहिजे. समजा, घरातील सामान ४० लाखांचे आहे आणि मालकाने विमा १० लाखांचाच उतरवला. घरफोडीत ८ लाखांचे सामान गेले. मालक म्हणतो, विमा १० लाखांचा, नुकसान ८ लाखांचे, तेव्हा ८ लाख मिळाले पाहिजेत. कंपनी म्हणते, तुम्ही सामानाच्या एक चतुर्थांशाचाच विमा उतरवला, म्हणून नुकसानीचाही एक चतुर्थांशच, म्हणजे २ लाख, आम्ही देऊ. उरलेल्या तीन भागांचे विमेकरी तुम्ही स्वतःच. हे ऐकून पुष्कळांस अन्याय झाल्यासारखे वाटते. पण हप्ता जर चतुर्थांशाचाच भरला असेल तर तर्काच्या दृष्टीने त्यास उत्तर नाही.

'भारत गृह रक्षा' पत्रात इमारतीपुरते आणि सामान्य घरसामानापुरते हे कलम काढून टाकलेले आहे. नुकसान ठरलेल्या रकमेच्या आत असेल तर त्यास कात्री लागत नाही. तथापि यावरून निर्धास्त होणे बरे नव्हे. कलम गेले, कमाल मर्यादा राहिलीच. ६० लाखांचे पत्र असेल तर संपूर्ण घर गेल्यावरही ६० लाखच. शिवाय घरफोडीची आणि व्यापारी जागेची निराळी विमापत्रे असतात, त्यांत सरासरीचे कलम अजूनही आढळते. म्हणून आपल्या पत्रात ते आहे की नाही, हे डोळ्यांनी वाचून पाहावे.

सामानाच्या बाबतीत एक गोष्ट मोठ्या घरांना विशेष बाधते. या पत्रात इमारतीच्या विमा-रकमेच्या २० टक्क्यांइतके सामान्य घरसामान आपोआप धरले जाते. मात्र कमाल १० लाखांपर्यंत. लहान सदनिकेस हे पुरेसे ठरते. आपल्या कल्पित बंगल्याचे २० टक्के म्हणजे २७ लाख होतात. पण आपोआप मिळणारे संरक्षण १० लाखांवरच थांबते. त्याहून अधिक हवे असेल तर सामानाची यादी देऊन तशी मागणी करावी लागते. ज्याने यादी दिली नाही, त्याचे सोफे, कपाटे, शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, पुस्तके आणि कपडे या सर्वांचे मिळून १० लाखच.

याखेरीज काही सोयी आहेत त्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. घर राहण्यायोग्य नसेल त्या काळातील पर्यायी जागेचे भाडे, मलबा उपसण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, आणि आर्किटेक्ट व अभियंते यांचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत, यांची तरतूद या पत्रात आहे. खास बांधणीच्या घरात आर्किटेक्टची गरज हमखास पडते, तेव्हा ही तरतूद क्षुल्लक समजू नये. दीर्घ मुदतीचे पत्र घेतल्यास विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, ही सोयही महागाईच्या दिवसांत उपयोगी आहे. परंतु मूळ आकडाच चुकला असेल तर वाढही त्या चुकीचीच होणार.

मौल्यवान वस्तूंचे गणित निराळे

आता वळू दागिने, चांदी, चित्रे आणि जुन्या वस्तूंकडे. यांचे मोल कसे फसवे असते, याचे उदाहरण आपल्याला इंदुरातच सापडते. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या सुमारास एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग हा राजवाडा बांधवून घेतला. खास स्वतःच्या आवडीचे घर म्हणतात ते हेच. त्यातील खुर्च्या, पलंग, दिवे, गालिचे युरोपातील नामांकित कलावंतांकडून करवून घेतले होते. रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए अशी नावे त्यांत होती. त्या काळी येथील पुष्कळांना ते एका हौशी महाराजांचे विलायती फर्निचर वाटले असेल. परंतु १९८० साली त्यातील बरेचसे सामान सदबीज या संस्थेने मोनाकोत लिलावात काढले, आणि जगभरच्या संग्राहकांनी त्यावर उड्या घातल्या. ब्रांकूशीची महाराजांनी घेतलेली दोन संगमरवरी पक्षिशिल्पे आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहेत. माणिकबागेत आता सरकारी करखात्याचे कार्यालय आहे.

यातून आपल्यासारख्यांनी घ्यावयाचा बोध असा. खुर्ची म्हणून तिची किंमत एक, आणि अमक्या हातची खुर्ची म्हणून तिची किंमत अगदी निराळी. आपल्या घरी ब्रांकूशी नसेल. पण आजीची नथ आणि मोहनमाळ असेल, चांदीचा देव्हारा असेल, तंजावरचे एखादे चित्र असेल, जुने झुंबर असेल. अशा वस्तू हरवल्यावर 'तिची किंमत अमुक होती' असे आपण म्हणू आणि 'कशावरून?' असे सर्वेक्षक विचारील. या प्रश्नाचे उत्तर आगीनंतर देता येत नाही. म्हणूनच 'भारत गृह रक्षा' पत्रात मौल्यवान वस्तूंसाठी निराळी जोड ठेवलेली आहे, आणि तिचा पाया आहे उभयपक्षी आधीच मान्य केलेले मूल्य. मान्यताप्राप्त मूल्यमापकाचा दाखला द्यावयाचा, कंपनीने तो स्वीकारला की ते मूल्य ठरले. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर हा दाखलाही लागत नाही. मात्र ही जोड आपण मागून घेतली पाहिजे. आपोआप ती मिळत नाही. सोन्याचा भाव चढत असता हे मूल्य दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासून घेतले पाहिजे, हे सांगावयास नकोच.

पुष्कळजण म्हणतील, आमचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, आम्हांस काय भीती? येथेही एक आकडा ध्यानात ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, घरफोडी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी यामुळे लॉकरमधील वस्तू गेल्या, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंतच असते. भाडे ३,००० रुपये असेल तर ही मर्यादा ३ लाख. आजच्या भावात ३ लाखांत किती तोळे येतात, त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. लॉकरमधील आणि लग्नकार्यात अंगावर घातलेल्या दागिन्यांस लागू पडेल असा विमा निराळा मिळतो. तो घेताना घराबाहेरील संरक्षण त्यात आहे ना, हे विचारून घ्यावे.

काय मिळत नाही

विमा अकस्मात ओढवलेल्या संकटाचा असतो, हळूहळू होणाऱ्या झिजेचा नव्हे. वाळवीने खाल्लेली तुळई, वर्षानुवर्षे झिरपलेली ओल, दुरुस्तीविना ढिले झालेले छप्पर यांची भरपाई कोणी देणार नाही. जुन्या घरवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. विमा देखभालीची जागा घेऊ शकत नाही.

चोरीसंबंधी तर मोठाच गैरसमज आहे. 'भारत गृह रक्षा' पत्रात चोरीचा समावेश आहे तो आग, पूर, दंगल यांसारखे संकट ओढवल्यानंतर सात दिवसांच्या आत होणाऱ्या चोरीपुरता. एरव्हीच्या घरफोडीसाठी निराळा विमा घ्यावा लागतो. तो घेताना घर किती दिवस बंद राहिले तर चालते, हे कलम काळजीपूर्वक वाचावे. मुलगा परदेशी, आईवडील सहा महिने त्याच्याकडे आणि तुकोगंजातील बंगला कुलपात, ही आजची सर्रास स्थिती आहे. आणि नेमक्या अशाच घरावर चोराची नजर असते. घर दीर्घकाळ बंद राहणार असेल तर कंपनीला आधी लेखी कळवावे.

विजेच्या यंत्रात अंतर्गत बिघाड होऊन ते यंत्रच जळाले, तर त्या यंत्राची भरपाई सामान्यतः मिळत नाही. त्यापासून पसरलेल्या आगीने जे जळाले त्याची मिळते. रोकड, रोखे, दस्तऐवज आणि हस्तलिखिते हीसुद्धा, पत्रात खास नमूद केलेली नसतील तर, विम्याबाहेर असतात. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर मोडी कागदांची दप्तरे आणि पोथ्या असतील. त्यांना विमा तारू शकत नाही. त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत दुसऱ्या गावी ठेवणे हाच त्यांचा विमा.

खरे सांगणे हेच संरक्षण

विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो. घर कसे आहे, हे मालकाला ठाऊक असते, कंपनीला नसते. म्हणून जे महत्त्वाचे ते मालकाने आपण होऊन सांगितले पाहिजे. खालच्या मजल्यावर दवाखाना आहे काय, पुढच्या दोन खोल्या वकिलीच्या कचेरीस दिल्या आहेत काय, मागे भाडेकरू आहे काय, वरचा मजला लाकडी आहे काय, हे सारे प्रस्तावपत्रात यावयास हवे. एजंटाने पत्र भरले आणि आपण डोळे मिटून सही केली, ही सबब पुढे उपयोगी पडत नाही. पत्र आपण स्वतः वाचावे आणि त्याची प्रत आपल्यापाशी ठेवावी.

एकत्र कुटुंबाच्या घरात आणखी एक पेच असतो. नामांतरण असो किंवा पालिकेचा कर असो, घर अजून आजोबांच्याच नावावर चालू असते. विमा एका भावाच्या नावाने, कर दुसऱ्याच्या नावाने, राहते आई. संकटाच्या दिवशी पैसा कोणाच्या हाती द्यावयाचा, हा प्रश्न उभा राहतो आणि जळलेल्या घरात भाऊबंदकीची नवी आग लागते. ज्यांचा ज्यांचा घरात हक्क आहे, त्या सर्वांची नावे विमापत्रात यावीत यासाठी कागद आधीच सरळ करून घ्यावेत. हे काम शांततेच्या दिवसांतच होते.

प्रसंग आलाच तर

प्रथम माणसे बाहेर काढावीत. वस्तूंसाठी आत धावू नये. विमा त्याचसाठी आहे. अग्निशामक दलाला बोलवावे आणि त्यांच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. चोरी वा दंगल असेल तर पोलिसांत फिर्याद नोंदवावी. कंपनीस विनाविलंब कळवावे. सर्वेक्षक येऊन पाहीपर्यंत जळके सामान फेकून देऊ नये, परंतु नुकसान वाढू नये यासाठी उघड्या छपरावर ताडपत्री घालणे यांसारखे उपाय जरूर करावेत आणि त्यांच्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. कंपनीचा निर्णय पटला नाही तर आधी तिच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. तेथेही समाधान झाले नाही तर मध्य प्रदेशासाठी विमा लोकपालाचे कार्यालय भोपाळला आहे. तेथे तक्रार करण्यास शुल्क लागत नाही आणि वकीलही द्यावा लागत नाही; मात्र लोकपालाच्या अधिकारास रकमेची मर्यादा आहे. फार मोठ्या दाव्यासाठी ग्राहक आयोग किंवा न्यायालय हाच मार्ग उरतो.

घराची वही

पॅट्रिक गेडिस हे विख्यात नगररचनाकार होळकर दरबारच्या निमंत्रणावरून इंदुरात आले होते. शहराच्या सुधारणेविषयी त्यांनी मोठा अहवाल लिहिला. त्यांचा आग्रह असा की, उपचार करण्यापूर्वी निदान केले पाहिजे. एकेक गल्ली पायी हिंडून, एकेक घर पाहून मगच काय पाडावे आणि काय राखावे ते ठरवावे. शहराला जे लागू, ते घरालाही लागू. विमा उतरवण्यापूर्वी घर पाहिले पाहिजे. आणि आपले घर आपणच कधी नीट पाहिलेले नसते.

म्हणून येत्या रविवारी एक कोरी वही घ्यावी. दिंडीपासून आरंभ करून माळ्यापर्यंत एकेका खोलीत उभे राहावे. भिंत कशाची, छत कशाचे, फरशी कोणती, दारे-खिडक्या कोणत्या लाकडाच्या, हे लिहावे. मग सामान : वस्तू, कधी घेतली, किती मोल, पावती आहे की नाही. प्रत्येक खोलीची आणि प्रत्येक मोलाच्या वस्तूची छायाचित्रे काढावीत. दागिन्यांची वजने लिहावीत. आर्किटेक्टकडून नकाशा आणि पुनर्बांधणीचा अंदाज घेऊन वहीत लावावा. आईला जवळ बसवावे. कोणती वस्तू कोणाच्या लग्नात आली, कोठून आणली, हे तिलाच ठाऊक असते. एक प्रत दुसऱ्या गावी, पुण्याच्या मुलाकडे म्हणा, ठेवावी. कारण घराबरोबर जळून जाणाऱ्या यादीचा काही उपयोग नाही. आणि दरवर्षी दिवाळीच्या झाडलोटीच्या वेळी तीत भर घालावी.

आपल्या वाडवडिलांनी रोजकीर्द आणि खतावणी ठेवली. पैचा हिशेब लागल्यावाचून त्यांना झोप येत नसे. पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या घरात घराचाच हिशेब नसावा, हे शोभत नाही. राजवाडा पुन्हा उभा राहिला, कारण तो साऱ्या शहराचा होता आणि साऱ्या शहराला त्याचे रूप ठाऊक होते. आपले घर कसे होते, हे आपल्यावाचून दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. ते लिहून ठेवणे आपल्याच हाती आहे, आणि ते घर उभे आहे तोवरच आहे.